शेवटच्या वळणावरचे दार

त्यांना 'काय झालं?' असे कधी विचारायचे नाही, हे आमच्या कार्यालयात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळत असे. विचारले की ते घरापासून सुरुवात करत. मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे दार ओढून घेतले, लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने उतरले, मेट्रोत नोएडापर्यंत उभे राहावे लागले, तिथे कोणत्या गेटने बाहेर पडले. पत्रकार परिषदेत मंत्री काय म्हणाले ते ऐकायला वीस मिनिटे थांबावे लागे. तोपर्यंत विचारणारा माणूस ती बातमी दुसरीकडून मिळवून लिहूनही मोकळा झालेला असे.

आमच्या हिंदी दैनिकात त्यांनी तीस वर्षे नोकरी केली. निवृत्त झाल्यावरही शनिवारच्या पुरवणीत 'एक चक्कर' नावाचे सदर ते लिहीत. दिल्लीत आणि आसपास काही नवे उघडले की तिथे जायचे, फिरायचे, दिसले ते लिहायचे. उड्डाणपूल, मॉल, मेट्रो स्थानक, मत्स्यालय, एकदा विद्युत दाहिनी. पुरवणीची पाने मी पाहत असे. सात वर्षे त्यांचा मजकूर माझ्या हातून गेला.

त्यांच्या एका लेखातले शेवटचे दोन परिच्छेद मी न वाचता कापले. त्या परिच्छेदांत एका दाराला लावलेले कुलूप होते. ते दार उघडावे म्हणून त्यांनी पुढचे आठ महिने घालवले. गेल्या हिवाळ्यात ते न्यूमोनियाने गेले. आमच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांत या दाराचा उल्लेख नव्हता, म्हणून इथे लिहिते आहे.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांना 'सर' म्हणाले होते.

"सर नको म्हणूस," ते म्हणाले. "दिल्लीत शिपायापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे सरच आहेत. काका म्हण. मराठी आहेस ना? कुठली?"

"सरोजिनी नगर."

"ते क्वार्टर झालं. गाव?"

"वडील साताऱ्याचे. मी कधी राहिले नाही तिथे."

"मग सरोजिनी नगरच बरोबर," ते म्हणाले. "पाहिलं नाही ते सांगू नये."

उंच, किंचित पुढे झुकलेले. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटावरची बटणे लावलेली. डबा ठरलेल्या क्रमाने खात: आधी कोशिंबीर संपवायची, मग भाजी-पोळी, मग भात. कोणी मध्येच मिठाई पुढे केली तर ती कागदात गुंडाळून बाजूला ठेवत, भात संपल्यावर उघडत. सिनेमाला पाच मिनिटे उशीर झाला तर तिकीट फाडून घरी परतत. कादंबरीचे शेवटचे पान आधी पाहणाऱ्या माणसाशी आपण बोलू शकत नाही, असे त्यांनी एका उपसंपादकाला तोंडावर सांगितले होते, आणि त्यानंतर दोन वर्षे ते खरोखरच त्याच्याशी बोलले नाहीत.

वर्तमानपत्रात बातमी लिहायची एक रीत आहे. सर्वांत महत्त्वाचे पहिल्या वाक्यात, त्याहून कमी महत्त्वाचे दुसऱ्यात, असे उतरत जायचे. त्यामुळे जागा कमी पडली की विचार न करता तळातून कापता येते. शेवटी जे असते ते नसले तरी चालते, हे गृहीतच असते. पान लावणारा माणूस शेवटचा परिच्छेद वाचत बसत नाही. वाचत बसला तर पान वेळेवर जात नाही.

काका असे कधीच लिहीत नसत. ज्या क्रमाने पाहिले त्या क्रमाने लिहायचे. नोकरीत असताना त्यांच्या बातम्या दुसरे कोणीतरी उलट्या करून लावत असे. सदरात मात्र त्यांना मोकळीक होती. पानांची मांडणी करणारा रावत, पहाडातला, पौडीचा माणूस, जीभ तिखट. त्यांचा मजकूर आला की तो खुर्ची मागे सरकवून ओरडायचा, "काका, लाश कौन से पैराग्राफ़ में मिलेगी? उतना तो बता दो, वहीं से लगा दूँ."

"जहाँ मुझे मिली, वहीं मिलेगी," काका शांतपणे म्हणत.

मी एकदा त्यांना विचारले, वाचकाला इतका वेळ का थांबवायचे?

"कोर्टात आठ वर्षं बसलोय मी," ते म्हणाले. "खोटा साक्षीदार मुद्द्याचं आधी सांगतो. त्याला तेवढंच पाठ असतं. ज्यानं खरंच पाहिलंय तो जिन्यापासून सुरू करतो. मधे त्याला मांजर आठवतं, कोणाची तरी चप्पल आठवते. न्यायाधीश वैतागतात. पण खरं तोच बोलत असतो."

त्यांची दुसरी सवय दारांची होती. कोणत्याही सभागृहात, चित्रपटगृहात, मॉलमध्ये शिरले की ते आधी बाहेर पडायची वाट शोधत. नुसती शोधत नसत. तिथपर्यंत चालत जात, दारावर तळहात ठेवत आणि ढकलून पाहत. उघडले तर परत येऊन बसत. आमच्या एका वार्ताहराचे लग्न फरीदाबादच्या एका बँक्वेट हॉलमध्ये होते. तिथे मागच्या दारासमोर गोलगप्प्यांचा ठेला लावला होता. काकांनी ठेलेवाल्याला सरकायला सांगितले. तो म्हणाला, मालकाला विचारा. मालक म्हणाला, मुलीकडच्यांना विचारा. मुलीचे वडील डोक्यावरचा फेटा सावरत आले.

"भाईसाहब, मेरी बेटी की शादी है. आज के दिन आग-वाग की बात मत कीजिए."

"आज के दिन चार सौ लोग हैं," काका म्हणाले. "कल नहीं होंगे. कल नहीं बोलूँगा."

ठेला हलला नाही. काका त्या ठेल्याशेजारी अडीच तास उभे राहिले. जेवले नाहीत. फोटोसाठी बोलावले तरी स्टेजवर गेले नाहीत. रावतने त्यांचा फोटो काढून कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिले, "गोलगप्पा सुरक्षा बल". आम्ही सगळे हसलो. मीही.

या सवयीचे कारण मला काकूंकडून कळले. तरुणपणी काकांनी एका आगीची बातमी केली होती. कुठली, ते काकूंनी सांगितले नाही, मी विचारले नाही. "घरी आले ते बूट बाहेर काढून आले," काकू म्हणाल्या. "ते बूट पुन्हा घातले नाहीत. मी साफ करून ठेवले होते. म्हणाले, देऊन टाक." ज्या माणसाला प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून सांगायची सवय होती, त्याने ही एक गोष्ट कोणालाच, कुठूनच सांगितली नव्हती.

काकू शाळेत गणित शिकवत. त्यांना नवऱ्याबद्दल भ्रम नव्हता. "ह्यांना चहा गोड झालाय का विचारलं," त्या म्हणत, "तर गॅस पेटवल्यापासून सुरुवात. तोवर चहा गार. मग गरम करायचा, मग गोड झालाय का ते पुन्हा विचारायचं."

एक्सप्रेसवेच्या बाजूला एक नवे करमणूक उद्यान उघडले. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे बंद इमारतीतली अंधारी राईड. सहाजणांच्या छोट्या गाड्या रुळावरून काळोखात शिरतात आणि दोन्ही बाजूंना हलत्या पुतळ्यांचे देखावे लागतात. विषय पाताळ. रस्त्यावर सगळीकडे फणा काढलेल्या नागाचे फलक होते. काका गुरुवारी तिथे गेले आणि शुक्रवारी दुपारी त्यांनी अकराशे शब्द पाठवले.

तो लेख माझ्याकडे अजून आहे. हिंदीत आहे, इथे मराठीत देते. पहिले तीनशे शब्द तिथे पोहोचण्यात जातात. मग रांग. मग गाडी. "दांडा मांड्यांवर घट्ट बसतो. बसवणारा मुलगा तो दोनदा ओढून पाहतो, हे चांगले आहे. आत शिरताच थंड वाऱ्याचा झोत येतो, त्याला नव्या रबराचा वास आहे. डावीकडे वारूळ फाटते. आतून नागकन्या वर येते. तिची मान वळताना किर्र आवाज होतो, तेल घालायला हवे. पण चेहरा कोणीतरी मन लावून रंगवला आहे. खालच्या ओठाला किंचित कंप आहे, तो यंत्राचा की कारागिराचा, सांगता येत नाही. धूर येतो, तो गोड लागतो. वासुकीचा डोळा माझ्या उंचीएवढा आहे आणि मी जवळ गेल्यावर मिटतो. मग गाडी अचानक थांबते. पूर्ण काळोख. आणि वर चांदण्या लागतात. पाताळात चांदण्या कशा, असा प्रश्न मला पडला, पण विचारला नाही, कारण गाडीतले सगळेच गप्प झाले होते. शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरला. उजेड आल्यावर सॉरी म्हणाली. मी म्हणालो, मीही धरणारच होतो."

त्यांना राईड आवडली होती, हे स्पष्ट सांगायला हवे. चारदा बसले. चौथ्या वेळी पुढची गाडी रिकामी व्हायला वेळ लागला म्हणून त्यांची गाडी शेवटच्या वळणावर अर्धा मिनिट उभी राहिली. तिथे देखावा नव्हता, काळा पडदा होता. डोळे काळोखाला सरावले. पडद्याच्या फटीतून हिरवी पाटी दिसली: निकास, म्हणजे बाहेर पडायची वाट. पाटीखाली दार. दाराच्या आडव्या दांड्यातून साखळी, साखळीला कुलूप, समोर पाण्याच्या बाटल्यांचे खोके छातीपर्यंत रचलेले. बाहेर आल्यावर त्यांनी राईड चालवणाऱ्याला विचारले. तो म्हणाला, "सरजी, खुला रखें तो लोग पीछे से घुसकर दोबारा बैठ जाते हैं." आत शिरण्याचे आणि बाहेर पडण्याचे अशी दोन तोंडे सोडली तर त्या इमारतीला तेवढे एकच दार होते.

हे सगळे लेखाच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत होते, कारण ते शेवटच्या वळणावर होते.

शुक्रवारी पाच वाजता पुरवणीला चादरींच्या दुकानाची अर्ध्या पानाची जाहिरात आली. पान सात वाजता छपाईला जायचे होते. अकराशे शब्दांचे पाचशे करायचे होते. आमच्यात एक ठरले होते: काकांचा मजकूर कापायचा झाला तर आधी त्यांना फोन करायचा. फोन माझ्या हाताशी होता. मी केला नाही. केला असता तर ते घरातून निघाले तिथून सुरू झाले असते. मी वरचा प्रवास थोडा काढला, चांदण्यांपर्यंत आले, 'मीही धरणारच होतो' हे वाक्य शेवटाला छान बसते असे वाटले, आणि त्याखालचे सगळे काढून टाकले. रावतने मथळा दिला: 'पाताल की सैर: डर कम, मज़ा ज़्यादा'.

सोमवारी काका कार्यालयात आले. पाणी प्यायले, पेला धुऊन ठेवला, माझ्या समोरच्या खुर्चीत बसले.

"शेवट कुठे गेला गं?"

"जाहिरात आली, काका. तळातून कापावं लागलं."

"वाचलास?"

"काय?"

"शेवट."

 

"नाही."

"फोन करायचा होतास."

"तुम्ही पहिल्यापासून सांगत बसला असता."

"हो," ते म्हणाले. "बसलो असतो." मग शर्टाच्या मनगटाचे बटण काढून पुन्हा लावले. "पुढच्या शनिवारी एक ओळ देता येईल? फक्त दार. बाकी काही नको."

मी त्यांचा मूळ मजकूर तेव्हा, त्यांच्यासमोर वाचला. संपादकांकडे गेले. संपादक वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारले, "अँधेरे में देखा है न? उम्र क्या है उनकी?" मग म्हणाले, नियमाप्रमाणे उद्यानाची बाजू घ्या. आमच्या वार्ताहराने फोन केला. उद्यानाच्या जनसंपर्क अधिकारी म्हणाल्या, सर्व निकास सुस्थितीत आहेत. दोन बाजू झाल्या, एकमेकींविरुद्ध, पुरावा कोणाकडेच नाही. ओळ छापली गेली नाही. महिनाभरात त्या उद्यानाची जाहिरात पहिल्या पानावर आली. या दोन गोष्टींचा संबंध होता असे मी म्हणणार नाही. मला माहीत नाही.

काकांनी जिल्ह्याच्या अग्निशमन कार्यालयाला अर्ज दिला. उत्तर आले नाही. दुसरा दिला. मग एका रविवारी ते स्वतः उद्यानात गेले, रांगेतल्या लोकांना सांगायला. त्या दिवशी काय झाले ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले, आणि मी पहिल्यांदाच मध्ये न बोलता सगळे ऐकले, लिफ्टपासून.

तिकीट खिडकीच्या काचेवर त्यांना आपला लेख दिसला. मोठा करून, प्लास्टिकमध्ये घालून लावलेला. मथळा, नागाचा फोटो, खाली त्यांचे नाव. ते रांगेजवळ उभे राहिले आणि पुढच्या कुटुंबाला म्हणाले, आतल्या दाराला कुलूप आहे, आत जाऊ नका. त्यातल्या तरुणाने विचारले, तुम्हाला कसे माहीत?

"मैंने देखा है. मैं अख़बार में लिखता हूँ." त्यांनी काचेकडे बोट दाखवले. "वो मेरा ही लेख है."

तरुणाने लेख वाचला. मोठ्याने वाचला, बायकोला ऐकू जाईल असा. मग हसला.

"अंकल, आपने ही तो लिखा है, मज़ा ज़्यादा."

"वो पूरा नहीं है."

"तो पूरा छापते न," बायको म्हणाली. "हमें क्यों डरा रहे हो? बच्चे साथ हैं."

रांगेतले बाकीचे हसले. कोणीतरी म्हणाले, अंकलला फुकट पास मिळाला नसेल. दोन सुरक्षारक्षक आले, आणि त्यांनी काकांना दंड न धरता, अगदी अदबीने, गेटबाहेर नेऊन सोडले.

"अदबीनं," काकांनी मला पुन्हा सांगितले. "हात लावला नाही. म्हणाले, सर, आपकी तो बहुत इज़्ज़त है यहाँ, आपका तो लेख लगा है."

मी म्हणाले, "काका, माझं चुकलं."

"ते झालं," ते म्हणाले. "आता दाराचं बघू."

त्यांनी उद्यानाचा वर्षभराचा पास काढला. शनिवारी आणि रविवारी दुपारी जायचे आणि राईडमध्ये बसायचे. फेरीतल्या शेवटच्या गाडीत, मागच्या बाकावर, वळणाच्या बाजूला. वय सत्तर, रक्तदाबाच्या गोळ्या. मी विचारले, याने काय होणार? ते म्हणाले, आत कोणीतरी असावे ज्याला दार कुठे आहे हे माहीत आहे. कुलूप असताना माहीत असून उपयोग काय, हे मी विचारले नाही. एकदा त्यांनी पिशवीत लोखंडी पहार नेली. ती गेटवर काढून घेतली गेली.

"बीपीची गोळी घेऊन पाताळात जातात," काकू मला फोनवर म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "अगं, तू सांगून बघ. तुझं ऐकतील. तू कापलंस तरी तुझ्याबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. मी बोलले असते."

मी सांगितले नाही. त्याऐवजी एका रविवारी त्यांच्याबरोबर गेले. नागकन्येच्या मानेला तोवर कोणीतरी तेल घातले होते. चांदण्या लागल्या तेव्हा गाडीतले सगळे खरेच गप्प झाले. शेवटच्या वळणावर काकांनी माझ्या कोपराला स्पर्श केला. मी पाहिले. काळोख होता, मग आणखी काळोख, मग बाहेरचा उजेड.

"दिसलं?"

"हो," मी म्हणाले. मला काहीही दिसले नव्हते.

त्या उद्यानात हे लिहीपर्यंत काही घडलेले नाही. लोकांना ही गोष्ट सांगितली की ते आधी तेच विचारतात, आणि नाही म्हटले की त्यांचा चेहरा सैल होतो. मग ते म्हणतात, चला, बरे झाले.

तिसऱ्या अर्जाला उत्तर आले. आठव्या महिन्यात, साध्या टपालाने. त्याआधी महिनाभर खोकल्यामुळे काकूंनी काकांना उद्यानात जाऊ दिले नव्हते. काका ते घेऊन कार्यालयात आले. बरोबर मयूर विहारच्या मिठाईच्या दुकानातला कलाकंद होता, दोन खोके. त्यांनी खोका उघडून आधी रावतसमोर धरला. इतक्या वर्षांत त्यांना असे हसताना मी पाहिले नव्हते. पत्र सरकारी हिंदीत, तीन ओळींचे. उक्त स्थळाचे निरीक्षण करण्यात आले. निरीक्षणादरम्यान तेथे कोणताही कुलूपबंद निकास दरवाजा आढळून आला नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

"म्हणजे कुलूप काढलं," काका म्हणाले.

"बधाई हो काका," रावतने दोन तुकडे उचलले. "मान गए. इस बार आख़िरी लाइन मैं ख़ुद लगाऊँगा, बड़े फ़ॉन्ट में."

"दोनशे शब्द दे," काका मला म्हणाले. "दोनशेत बसवतो. आधी बघून येऊ. चल रविवारी."

काकूंनीही यायचे ठरवले होते, पण त्यांचे गुडघे दुखत होते. आम्ही दोघे गेलो. जानेवारीचे ऊन होते. काकांनी कोट घातला होता. गेटवरच्या रक्षकाला त्यांनी नमस्कार केला, रक्षकानेही केला. रांगेत ते उभे राहिले तेव्हा मागच्या माणसाला म्हणाले, "अच्छी राइड है," आणि वारूळ कुठल्या बाजूला येते ते सांगितले.

आम्ही शेवटच्या गाडीत बसलो. वारूळ, धूर, डोळा, चांदण्या. मग शेवटचे वळण. आता तिथे काळोख नव्हता. काळा पडदाही नव्हता. त्या भिंतीवरून नागाचे शेपूट जात होते, खवल्याखवल्यात निळे दिवे, ते एकामागून एक लागत होते आणि विझत होते. काम चांगले होते. भिंत सलग होती. दारही नव्हते, हिरवी पाटीही नव्हती.

गाडी थांबली. दांडा वर गेला. काका उतरले आणि राईड चालवणाऱ्याकडे गेले. तो त्यांना आता ओळखत होता.

"वो जो गेट था, मोड़ पर?"

"बंद करवा दिया, सरजी. शिकायत आई थी न ऊपर से," तो म्हणाला. "ईंट लगवाकर प्लास्टर करवा दिया. अब कोई झंझट ही नहीं. पूँछ देखी आपने? लाइट वाली?"

"देखी," काका म्हणाले.

ते बाहेर पडायच्या वाटेवरून चालत निघाले. मी मागे होते. ती वाट तिकिटाच्या रांगेला लागून जाते, मध्ये एक दोरी असते. दोरीपलीकडे एक बाई दोन मुलांना घेऊन उभी होती. धाकटी तिच्या ओढणीत तोंड खुपसून रडत होती. मोठा तिला चिडवत होता, आत खरा साप आहे म्हणून.

"अंकल," बाई म्हणाली, "आप अभी अंदर से आए न? बच्चे डरेंगे तो नहीं?"

काका थांबले. मुलीकडे पाहिले. मुलीने ओढणीतून एक डोळा बाहेर काढला. मी त्यांच्या जवळ पोहोचले होते, त्यांचा हात धरावा असे वाटले, धरला नाही. रांग पुढे सरकली तशी बाई थांबून राहिली, मागचे लोक तिला पुढे व्हायला सांगू लागले.

"नहीं," काका म्हणाले. "डर की कोई बात नहीं है. ले जाइए."

बाईने मुलीला कडेवर घेतले, मुलाचा हात धरला आणि ती पुढे गेली.